चर्चने संत म्हणून जाहीर न केलेल्या व्यक्तीकडे कॅथॉलिकाने प्रार्थना करावी का?

खासगीत जरूर करावी. मी वसईच्या कोळीवाड्यातला कॅथॉलिक असून माझी उमेदीची वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. हाच प्रश्न माझ्या थोरल्या भावाने मला आमच्या घरच्या आल्तारासमोर, म्हणजे प्रार्थनेच्या वेदीसमोर, रागाने विचारला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

२००३ साली आमचे जहाज पेरूच्या कायाओ बंदरात मासळीची भुकटी भरत असताना आई वारल्याचा निरोप आला. तिच्या मातीला पोहोचणे शक्यच नव्हते. दुसऱ्या दिवशी गोदीतला एक हमाल, ज्याची भाषा मला चार शब्दांपलीकडे येत नव्हती, मला बाकिहानोच्या कबरस्तानात सारिता कोलोनिया या, लोक जिला संत मानतात त्या बाईच्या समाधीकडे घेऊन गेला. सारिता १९१४ साली डोंगरातल्या वारास गावाकडे जन्मली, पोटासाठी कायाओत आली, घरकाम केले, मासे विकले आणि १९४० च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी वारली. स्वतंत्र कबरीला पैसे नसल्यामुळे तिला गरिबांच्या सामाईक खड्ड्यात पुरले. घरच्यांनी तिथे क्रूस रोवला आणि पुढे त्या क्रूसापाशी गोदी कामगार, टॅक्सीवाले, वेश्या, तुरुंगातून सुटलेले असे सगळे येऊ लागले. भिंतीवर आभाराच्या पाट्याच पाट्या होत्या. आमची आईही जन्मभर मासळीची पाटी घेऊन बाजारात बसली. तिथे मेणबत्ती लावून मी आईचे नाव मोठ्याने घेतले आणि निरोप आल्यापासून पहिल्यांदा रडलो.

तिथून आणलेले सारिताचे चित्र मी घरी आईच्या फोटोशेजारी ठेवले, आणि दादाने ते उचलून खणात टाकले. रोमने जिला संत म्हटले नाही तिच्यापुढे आपण गुडघे टेकायचे नाहीत, असे त्याचे म्हणणे होते.

दादाचे म्हणणे चूक आहे. संतपद देण्याचा अधिकार रोमने हळूहळू आपल्याकडे घेतला. पोपने संत जाहीर केल्याचे पहिले ठाऊक असलेले उदाहरण ९९३ सालचे आहे, त्याआधी लोकांची भक्ती आणि स्थानिक बिशपची संमती पुरेशी असे. आठव्या अर्बन पोपने १६३४ साली नियम कडक केले, पण ते सार्वजनिक उपासनेबाबत आहेत. देवाघरी गेलेल्या माणसाला मनातल्या मनात मध्यस्थी करायला सांगण्यास त्यांची आडकाठी नाही. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत क्रूसावर मेले आणि संत झाले १८६२ साली. मधल्या २६५ वर्षांत ते देवाजवळ नव्हते, असे दादासुद्धा म्हणणार नाही.

मात्र मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेत, सारिताचे नाव घेऊ नये, चर्चच्या वेदीवर तिचे चित्र नेऊ नये. अत्याचारापासून वाचण्यासाठी तिने समुद्रात उडी घेतल्याची कथाही खरी मानू नये. घरच्यांच्या सांगण्यानुसार ती हिवतापाने गेली. आणि मी म्हणतो ते मेक्सिकोतल्या 'सांता मुएर्ते'ला लागू नाही, कारण ती कधी जगलेली व्यक्तीच नव्हे, ते मृत्यूचेच रूप आहे.

दादा, आईच्या मातीला तू होतास. मला ती माती कायाओत, एका परक्या मासेविक्रेतीच्या कबरीवर मिळाली. ते चित्र खणातून काढून माझ्या हाती दे. आल्तारावर नको असेल, तर मी माझ्या खोलीत लावीन.