परीक्षा संपली, आता शाळेत कशाला?

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. सत्र परीक्षा संपली, पण दिवाळीच्या सुट्टीला अजून आठवडा आहे. वर्गात शिकवणं बंद. नुसते आकाशकंदील आणि मातीचा किल्ला. त्याला घरीच अभ्यासाला बसवू का?
– एक आई, पंचवटी

उत्तर : ताई, पाठवा त्याला. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलं मला सर्वांत जास्त कळली ती याच आठवड्यात. शिवाय आठवीपर्यंत आकारिक मूल्यमापन असतं, म्हणजे वर्गातल्या रोजच्या कामावरूनही मुलाला जोखतात; त्यात कला आणि कार्यानुभवही धरतात. म्हणजे कंदील हा रिकामा उद्योग नाही. तपासलेल्या उत्तरपत्रिकाही बहुधा याच दिवसांत हातात मिळतात. गुण राहू द्या, चुका कुठे झाल्या ते त्याच्याकडून ऐका.

किल्ल्याचं म्हणाल, तर त्याला रामशेज करायला सांगा. आपल्या दिंडोरी तालुक्यातला, पंचवटीहून जवळच. १६८२ मध्ये मुघलांनी वेढा घातला आणि छोटासा गड पाच वर्षांहून अधिक काळ झुंजला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, लाकडी होत्या, असं मुघल इतिहासकार खाफीखान लिहितो. एका वर्षी माझ्या वर्गातल्या पोरांनी पेन्सिलींच्या तोफा केल्या होत्या. अळीव मात्र चार-पाच दिवस आधी पेरायला सांगा, नाहीतर गड बोडकाच राहतो!

अभ्यास करायला पुढे दिवाळीची सुट्टी आहेच की. एका रविवारी त्याला खरोखरचा रामशेज दाखवून आणा. पाण्याची बाटली घ्या, चढ दिसतो तेवढा सोपा नाही.