कृषी सल्ला : ऑर्किडच्या कुंडीत काय भरावं?

ऑर्किडबद्दल सध्या तीन प्रश्न आले आहेत. लातूरच्या एका ताईंनी नर्सरीतून आणलेलं डेंड्रोबियम काळी माती आणि शेणखत भरून लावलं. आता पानं पिवळी पडलीत, बुडखा मऊ लागतोय. परभणीच्या एका शेतकरी बंधूंकडे रोपवाटिकेचं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, शिल्लक आहे, तेच भरलं तर चालेल का, असं ते विचारतात. आणि जालन्याहून विचारणा आहे की शेडनेटमध्ये ऑर्किड लावलं तर परवडेल का.

ताई, झाड आजच कुंडीतून काढा. आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. कापसाला ती मानवते, ऑर्किडला नाही. डेंड्रोबियम मूळचं झाडाच्या फांदीवर वाढणारं. त्याची मुळं सालीला धरून उघड्यावर असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. त्यामुळे कुंडीत भरायचं ते पोट भरायला नव्हे, आधाराला. शेणखताचं तर नावच नको.

मुळं धुऊन एकेक बघा. टणक, पांढरट मूळ जिवंत असतं, पाणी शिंपडलं की हिरवं दिसायला लागतं. सडलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरचं आवरण मोज्यासारखं निघून येतं आणि आत नुसता दोरा राहतो. अशी मुळं स्वच्छ ब्लेडनं कापून टाका. उरलेली मुळं १ लिटर पाण्यात १ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घालून त्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा आणि झाड दिवसभर सावलीत सुकू द्या.

भरायला पहिला लाकडी कोळसा, इस्त्रीवाले वापरतात तोच. दगडी कोळसा नको. अंगठ्याएवढे तुकडे करून धुवा, भुगा काढून टाका. दुसरे भाजक्या लाल विटांचे तुकडे. सिमेंटच्या करड्या विटा घेऊ नका. कोकणात बरेच जण एवढ्यावरच भागवतात, कारण तिथली हवाच दमट. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की सकाळी भिजवलेला कोळसा दुपारपर्यंत ठणठणीत कोरडा होतो. म्हणून ओल धरायला तिसरी वस्तू लागते, नारळाच्या सोडणाचे तुकडे. इकडे नारळ सोललेलाच येतो, सोडण आणायचं कुठून, असं लोक म्हणतात. शहाळेवाल्याच्या गाड्यामागे बघा, ढीग पडलेला असतो. फक्त ते हिरवं टरफल तसंच भरलं तर कुजतं. चिरून उन्हात खडखडीत वाळवा, मग तीन-चार दिवस भिजत घालून रोज पाणी बदला. पाण्याला तांबूस रंग येणं कमी झालं की वापरायला घ्या.

प्रमाण मी असं सांगतो : दोन भाग कोळसा, एक भाग वीट, एक भाग सोडण. दिवसभर घरी कुणी नसेल, पाणी एकदाच होत असेल, तर सोडण दुप्पट करा. कुंडी पावसात उघड्यावर राहणार असेल तर मूठभरच. कुंडी लहान आणि बाजूला भोकं असलेली घ्या. बुडखा गाडू नका, वरच ठेवून झाड काडीला सुतळीनं बांधा. ते हलत राहिलं तर नवी मुळं धरत नाहीत.

परभणीकरांनो, कोकोपीट मिरची-टोमॅटोच्या ट्रेसाठीच ठेवा. ते इतकं बारीक असतं की वरून कोरडं दिसतं आणि आत गच्च ओलं राहतं. भेट म्हणून येणाऱ्या फॅलेनोप्सिस या ऑर्किडच्या मुळांतही पुष्कळदा असाच मॉसचा, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाचा, गोळा कोंबलेला असतो. फुलं गळली की तो अलगद काढा आणि सोडण व कोळसा निम्मे-निम्मे भरा. डेंड्रोबियमसारखे पाणी साठवणारे जाड दांडे त्याला नसतात, म्हणून सोडण जास्त.

तिघांनाही सांगतो, खरी गोम पाण्यात आहे. आपल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. काही महिन्यांत कोळशा-विटेवर पांढरा थर चढतो आणि मुळांची टोकं काळी पडतात. पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी टाकीत धरा, नाहीतर आरओचं प्यायचं पाणी घाला. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी काटकसर म्हणून कुंड्यांना घालायची आता घरोघरी पद्धत झाली आहे. ऑर्किडला ते नको, क्षार सगळे त्यातच उतरलेले असतात. बोअरशिवाय इलाजच नसेल तर वीट वगळा, कारण ती क्षार शोषून धरते, आणि पावसाळ्यात कुंड्या चांगल्या दोन सरींत भिजू द्या.

खत म्हणून ठिबकमधून सोडता तेच १९:१९:१९ चालेल, लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, मुळं आधी साध्या पाण्यानं भिजवून. कुंडीत भरलेलं हे माध्यम साधारण दोन वर्षांनी, जून-जुलैत नवी मुळं फुटू लागली की बदलायचं. उन्हाळ्यात ५० टक्के सावलीची जाळी आणि शेजारी ओलं गोणपाट टांगलेलं असावं.

राहिला जालन्याचा प्रश्न. नुसत्या शेडनेटवर मी हो म्हणणार नाही. मार्च ते जून ओलावा टिकवायला फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार सोडणारी यंत्रं, लागतील, त्यांनाही क्षार नसलेलं पाणी लागेल, आणि नेमकं तेव्हाच विहिरी तळ गाठतात. आधी दहा-बारा कुंड्या घरी लावा. दोन उन्हाळे काढून फुलावर आल्या, तर हिशेबाची वही घेऊन तालुका कृषी कार्यालयात या.