गिझर घेतला, आता चालवायला शीक

अरे बाप्पा, गिझर रात्रभर चालू ठेवत नसतात! टाकी थंडावत जाते, तो पुन्हा तापवत बसतो अन् बिल तुझ्या नावानं. तुझी टाकी 15 लिटरची, कॉइल 2 किलोवॅटची. हिवाळ्यातलं 20 अंशाचं पाणी 50 वर न्यायला अर्धा युनिट अन् पंधरा-वीस मिनिटं पुरतात. थर्मोस्टॅट 50-55 वरच राहू दे. 75 वर उकळून मग बादलीत थंड ओतायचं, हे कशाला?

पहाटे शिवारात मोटारी लागल्या की व्होल्टेज पडते. 230 चं 180 झालं तर कॉइलची ताकद साठ टक्क्यांवर येते. वेळ लागला म्हणून मिस्त्री बोलवू नको.

खरं दुखणं पाण्याचं. आपण पडलो खारपाणपट्ट्यातले. माझ्या पहिल्या गिझरची कॉइल तिसऱ्या वर्षी काढली, तर चुना चढून मक्याच्या कणसाएवढी जाड! दर दिवाळीआधी टाकी साफ करून घे. आतली मॅग्नेशियमची कांडीही पाहा. ती झिजते म्हणून टाकी वाचते. नुसती तार उरली असेल तर बदल.

अर्थिंग नसेल तर मात्र हे सगळं नंतर, आधी ते.

अन् मे महिन्यात प्लगच काढून ठेव. गच्चीवरच्या टाकीतलंच पाणी चटका देते.