वाकणे की बाक धरणे?

नाशिकच्या एका स्थापत्याच्या विद्यार्थ्याचा प्रश्न: 'कॉलमवर वरून दाब असतो आणि तो वाकतोही. याला वाकणे म्हणायचं की बाक येणे? आणि बीम-कॉलमला मराठी शब्द काय?'

दोन्ही शब्द हवेत, पण जागा वेगळ्या. आडवं बळ पडलं की वस्तू वाकते. घडांनी फांदी वाकते तशी. उभी काठी दोन्ही टोकांनी दाबली, तर आडवं कोणी ढकललेलं नसतानाही ती एका बाजूला बाक धरते. 'मोडेन पण वाकणार नाही' हा बाणा आखूड, जाड खांबाला परवडतो. उंच, बारीक खांब आधी बाक धरणार.

दाब आणि वाकणं दोन्ही सोसणारा खांब म्हणजे बीम-कॉलम. आता या दोन्ही गोष्टी एकाच खांबात बघायच्या तर दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागेत जा. ओळीच्या टोकाच्या खांबाला मांडवाच्या तारा आत ओढतात आणि बाहेरचा तिरका ताण, म्हणजे जमिनीत बांधलेली तार, त्याला मागे खेचतो. त्या तिरक्या ओढीतला काही भाग खांबाला खाली दाबतो. ताण तारांपेक्षा खाली बांधला असेल, तर खांब वाकतोही. मग खरी गंमत. वाकलेल्या खांबात दाबाची रेघ मधोमध राहत नाही, त्या दाबानेच तो आणखी वाकतो. नुसत्या दाबाने खांब किती भाराला बाक धरेल, त्याचं गणित ऑयलर या गणितज्ञाने १७४४ साली छापलं. त्या भाराच्या निम्मा भार खांबावर असला की आडव्या बळाने आलेलं वाकणं साधारण दुप्पट होतं, चार-पंचमांश असला की पाचपट. म्हणून दाबाचं आणि वाकण्याचं गणित वेगवेगळं करून नुसती बेरीज मारता येत नाही.

मिस्त्री म्हणतो, 'कॉलम ओळंब्यात नाही.' आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक तर कुठलाच आरसीसी कॉलम अगदी ओळंब्यात आहे असं मानत नाही. तीन मीटर उंच, ३०० मिमी जाड कॉलमला सूत्राने १६ मिमी उत्केंद्रता (दाब मधापासून किती सरकलेला धरायचा ते अंतर) येते, तरी किमान २० धरावी लागते. म्हणजे थोडं वाकणं प्रत्येकाच्या नशिबी.

बीम-कॉलमला 'तुळस्तंभ' सुचवलेला ऐकलाय. मला त्यात तुळशीवृंदावनच दिसतं. बीम-कॉलमच म्हणा, मिस्त्रीलाही कळेल.