दात्या मातांचं दूध : फॅटचे आकडे का हलतात?

प्रश्न : पाश्चरीकृत दुधाच्या एकाच बाटलीतून घेतलेल्या तीन नमुन्यांचं फॅट इन्फ्रारेड विश्लेषकावर (अवरक्त किरणांनी दुधातले घटक मोजणारं यंत्र) 100 मिलिलिटरला 2.4, 3.1 आणि 3.6 ग्रॅम आलं. यंत्र दुरुस्तीला पाठवायचं का?

उत्तर : एवढ्यात नको. एकाच नमुन्याचं तीनदा वाचन घ्या. आकडे जुळले तर यंत्र स्थिर आहे, दोष नमुना काढण्यात आहे. आमचा संशय तिथेच आहे.

साठवणीसाठी गोठवलेलं दूध गोठताना फॅटच्या गोळ्यांभोवतीचं पातळ आवरण फाटतं. वितळल्यावर हे गोळे एकमेकांना चिकटून मोठे होतात, वर तरंगतात आणि बाटलीच्या भिंतीला धरून बसतात. 62.5 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं तापवल्यानंतर दूध नुसतं ठेवून दिलं, तरी साय वेगळी होतेच. अशा बाटलीत वरून पिपेट घातली तर आकडा फुगतो, तळातून घेतलं तर पडतो.

दूध पूर्ण वितळू द्या. बर्फाचा एक खडाही नको. मग 40 अंशांपर्यंत कोमट करा, म्हणजे भिंतीवरची साय सुटते. बाटली आठ-दहा वेळा सावकाश उलटसुलट करा. जोरात हलवू नका, कारण फेस होतो आणि हवेचे बुडबुडे वाचन बिघडवतात. लगेच मधल्या थरातून नमुना घ्या. त्यानंतर अल्ट्रासॉनिक प्रोबने (ध्वनिलहरींनी फॅटचे गोळे फोडणारी कांडी) एकजीव करा. दर मिलिलिटरला साधारण 1.5 सेकंद हे प्रमाण प्रचलित आहे, तरी तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत असेल तेच पाळा. ही पायरी घाईत गाळली जाते आणि तिथेच घोटाळा होतो : मोठे गोळे किरण विखुरतात, मग वाचन भरवशाचं राहत नाही. एकजीव केलेला नमुना टेबलावर ठेवून चहाला जाऊ नका. साय पुन्हा वर येते.

आणखी एक गोष्ट. यंत्राचं कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या नमुन्यांशी आकडे जुळवून घेणं) मानवी दुधावर झालंय का? गाईच्या दुधासाठी बसवलेलं यंत्र इथे तसंच चालत नाही. दूध पाश्चरीकरणाआधी बरेच दिवस साठवलं असेल, तर लायपेज या दुधातल्या फॅट तोडणाऱ्या विकरामुळे काही फॅटचं मुक्त मेदाम्लांत रूपांतर झालेलं असतं. त्यामुळे एस्टर बंधांवर (फॅटच्या रेणूत मेदाम्लं जोडून ठेवणारे बंध) मोजणारी तरंगलांबी फॅट कमी दाखवते. पाश्चरीकरण लायपेज निष्क्रिय करतं, पण आधी झालेलं विघटन भरून काढत नाही.

प्रश्न : विश्लेषक नाही. क्रीमॅटोक्रिटचं (बारीक नळीत दूध वेगाने फिरवून वर जमलेल्या सायीच्या थराची टक्केवारी) नेहमीचं सूत्र पाश्चरीकृत दुधाला लावू का?

उत्तर : जसंच्या तसं नको. फॅट (ग्रॅम प्रति लिटर) = (क्रीमॅटोक्रिट टक्के − 0.59) ÷ 0.146, हे 1978चं सूत्र. त्यानुसार 6 टक्क्यांना 37 ग्रॅम येतात. पण गोठवणं आणि तापवणं यांनी साय दाबली जाण्याची पद्धत बदलते. कमी ते जास्त फॅटचे 20-30 नमुने रोझ-गॉटलीब पद्धतीने (द्रावकात फॅट वेगळं काढून त्याचं वजन करणं) तपासून घ्या आणि स्वतःचं समीकरण बसवा. फिरवून झालेली नळी उभी ठेवा, थर लगेच वाचा. आडवी पडली की थराची कड तिरकी होते.

प्रश्न : मोजलेलं सगळं फॅट बाळाच्या पोटात जातं का?

उत्तर : नळीने दूध देताना नाही. काही फॅट सिरिंजमध्ये आणि नळीच्या आत चिकटून राहतं. पंपाने तासन्‌तास संथ दिलं तर जास्तच. सिरिंजचं तोंड वरच्या बाजूला ठेवा, नळी शक्य तेवढी आखूड घ्या.