लग्न डिसेंबरात झालं, बायको अजून भारतात. अमेरिकेत रिटर्न एकत्र भरावं की वेगळं?

३१ डिसेंबर २०२५ ला तुम्ही विवाहित होतात, म्हणजे आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) लेखी अख्खं वर्ष विवाहित. 'सिंगल' म्हणून आता भरता येणार नाही. एच-वन-बी व्हिसावर तुमचा एकट्याचाच पगार असेल, तर बहुधा एकत्र भरणंच फायद्याचं. २०२५ साठी स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून मिळणारी सरसकट वजावट) एकत्र भरल्यास ३१,५०० डॉलर, वेगळं भरल्यास १५,७५०. शिवाय टॅक्सचे टप्पेही रुंद होतात.

पण एक गोष्ट नीट बघा. पत्नी अमेरिकी करासाठी अनिवासी असताना एकत्र भरायचं, तर तिला पूर्ण वर्ष निवासी धरा असं दोघांच्या सहीचं निवेदन रिटर्नला जोडावं लागतं. मग तिचा पुण्यातला वर्षभराचा पगार, एफडीचं व्याज, सगळं अमेरिकेत दाखवावं लागतं. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, तरी तिचा पगार चांगला असेल तर दोन्ही पद्धतींनी आकडेमोड करूनच ठरवा. तिच्याकडे एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नसेल तर डब्ल्यू-७ फॉर्म भरून आयटीआयएन (करासाठीचा ओळख क्रमांक) घ्या. तो अर्ज रिटर्नसोबतच जातो.

आणि एकत्र रिटर्नवर सही केली की त्यातल्या कराची जबाबदारी दोघांची. तिला आकडे दाखवा, समजावून सांगा, मगच सही घ्या.