वाचकांचे प्रश्न : रामानुजन यांची भाषा कोणती?

प्रश्न : बी. ए.ला इंग्रजी घेतलेल्या आमच्या मुलीला ए. के. रामानुजन यांच्या कविता अभ्यासाला आहेत. हे कवी एके काळी बेळगावात प्राध्यापक होते, हे खरे का? आणि घरची भाषा तमिळ, जन्म म्हैसूरचा, कविता इंग्रजीत. मग त्यांना कोणत्या भाषेचे म्हणायचे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : खरे आहे. १९५०च्या दशकात ते बेळगावच्या लिंगराज महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत होते, आणि कन्नड लोककथा ऐकून टिपून घेण्याचा त्यांचा नादही त्याच काळातला. त्यांचा जन्म १९२९चा. पुढे शिकागो विद्यापीठात त्यांनी सुमारे तीस वर्षे अध्यापन केले आणि १९९३ साली शिकागोतच त्यांचे निधन झाले. ‘द स्ट्रायडर्स’ (१९६६) हा त्यांचा पहिला इंग्रजी कवितासंग्रह. त्यांनी कन्नडमध्येही कविता लिहिल्या, ही गोष्ट इंग्रजीच्या वर्गात सहसा निसटते.

आपला दुसरा प्रश्न सीमाभागातून यावा यात नवल नाही. आपल्याकडे माणसाच्या गावाआधी त्याची भाषा विचारतात. रामानुजन यांच्या लहानपणी माडीवर, गणिताचे प्राध्यापक असलेल्या वडिलांच्या खोलीत इंग्रजी चाले, खाली स्वयंपाकघरात तमिळ आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. त्यांच्या लेखनातही हा जिना सतत वरखाली होत राहतो. ‘अ रिव्हर’ ही कविता इंग्रजीत असली तरी तिचे भांडण मदुराईच्या जुन्या-नव्या तमिळ कवींशी आहे, कारण ते केवळ पुराची गाणी गातात. त्या पुरात एक गर्भवती बाई आणि दोन गायी वाहून जातात. गायींची नावे गोपी आणि बृंदा अशी सांगितली आहेत, बाईचे नाव मात्र नाही. आपल्या मुलीला ती ओळ सावकाश वाचायला सांगावी.

कन्नड वचनांचा, म्हणजे वीरशैव संतांच्या छोट्या भक्तिरचनांचा, त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘स्पीकिंग ऑफ शिव’ १९७३ साली प्रसिद्ध झाला. या संतांपैकी बसवण्णांच्या (बसवेश्वरांच्या) वचनांत येणारे ‘कूडलसंगमदेव’ हे संबोधन त्यांनी नाव म्हणून ठेवले नाही, तर ‘मिळणाऱ्या नद्यांचा स्वामी’ अशा अर्थाने इंग्रजीत आणले. त्यामुळे देवाचे गाव पुसले जाते, असा आक्षेप घेता येतो, आणि तो मला निम्मा पटतो. ‘पंढरीनाथा’चे कोणी असे भाषांतर केले, तर वारकऱ्याला त्यात पंढरी सापडायची नाही. पण उरलेला निम्मा पटत नाही. कूडलसंगम बागलकोट जिल्ह्यात आहे, आणि तेथे कृष्णेला मिळणारी मलप्रभा आपल्याच तालुक्यात, कणकुंबीला उगम पावते. त्या नावाला आपण इतके सरावलो आहोत की त्यातले पाणी आपल्याला ऐकू येत नाही, आणि मला तरी ते पहिल्यांदा ऐकू आले ते त्या इंग्रजी ओळीतच.